जुन्या गुलाबांची छाटणी आणि काड्यांची देवाणघेवाण

१८६७ साली फ्रान्समधल्या लिऑनच्या गियो या रोपवाटिकाकारांनी 'ला फ्रान्स' हा गुलाब बाजारात आणला. हायब्रीड टी (आज सर्रास दिसणारा, वारंवार फुलणारा आधुनिक गुलाब) या वर्गातला पहिला गुलाब म्हणून तोच धरला जातो, आणि त्याच्याआधी जन्मलेल्या वर्गांतले गुलाब ते 'जुने'. इथे वर्गाचं वय बघायचं, वाणाचं नाही. 'झेफिरीन द्रुएँ' १८६८चा आहे, तरी बोर्बन वर्गातला म्हणून जुन्यातच मोडतो.

या गुलाबांबद्दल येणारी नेहमीची तक्रार म्हणजे "झाड जोरात वाढतं, पण फूल नाही." बहुतेक वेळा दोष झाडाचा नसतो, कात्रीचा असतो. हायब्रीड टीची सवय झालेला हात दर वर्षी झाड गुडघ्यापर्यंत उतरवतो आणि फुलणारी काडीच कापून टाकतो. गॅलिका, दमास्क, आल्बा, सेंटिफोलिया आणि मॉस हे जुने युरोपी वर्ग बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात, आणि तेही गेल्या वर्षीच्या लाकडावर. विश्रांतीच्या काळात (थंडीत वाढ थांबलेली असताना) छाटलं की पुढचा बहर गेला. यांची छाटणी बहर ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांत करायची. पहिली दोन-तीन वर्षं मेलेली काडी सोडून कशालाही हात लावू नका. त्यानंतर दर वर्षी सगळ्यांत जुन्या खोडांपैकी साधारण एक तृतीयांश खोडं थेट बुंध्यातून काढा. वरवर शेंडे खुडून भागत नाही. तसं केलं तर खाली नुसतं लाकूड उरतं आणि वर केरसुणी तयार होते.

चायना आणि टी या वर्गांचं गणित वेगळं. ते वारंवार फुलतात, त्यामुळे बहर बुडण्याची भीती नाही, पण जबर छाटणी त्यांना सोसत नाही. टी गुलाब आपला साठा जुन्या लाकडात आणि पानांत ठेवतो. अर्धं झाड कापलं तर तो महिनोन् महिने रुसून बसतो, आणि कापल्या जागेपासून काडी काळी पडत खाली वाळत येते. मेलेलं, रोगट, आत वळून घासणारं तेवढं काढा. आकार द्यायचाच असेल तर एका वेळी पाव भागापेक्षा जास्त नको. चायना तर जितका काटकुळा आणि गुंतलेला, तितका जास्त फुलतो. नीटनेटकेपणाचा हट्ट असणाऱ्यांनी तो लावू नये.

बोर्बन आणि हायब्रीड पर्पेच्युअल यांना विश्रांतीच्या शेवटी एक तृतीयांश उतरवलं तरी चालतं. पण त्यांची खरी गंमत वाकवण्यात आहे. हे गुलाब दोन-दोन मीटरच्या लांब काड्या फेकतात आणि फुलं फक्त टोकाला देतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना (काडीवरच्या फुटव्यांच्या अंकुरांना) दाबून ठेवतं. काडी आडवी केली की हा दाब सुटतो आणि जवळपास प्रत्येक पेरातून फुलणारा फुटवा निघतो. काडी कोवळी आणि लवचिक असताना रोज थोडी थोडी वाकवत न्या, जमिनीपासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर आणा आणि खुंटीला सैल बांधा. एका झटक्यात वाकवली तर बुडाशी चिरते. चिरलेली जागा ताबडतोब पट्टी गुंडाळून घट्ट बांधली तर कधीकधी सांधते, पण भरवसा नको. वेल म्हणून भिंतीवर चढवतानाही हाच नियम: काड्या पंख्यासारख्या आडव्या पसरा, सरळ वर नेऊ नका.

हवेचा विचार खरेदीआधीच करावा. एकदा फुलणाऱ्या युरोपी वर्गांना हिवाळ्याची थंडी लागते. थंडी नीट पडत नसेल तिथे पानांचा डोंगर होतो आणि फुलं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. तिथे चायना, टी, नॉयसेट या वर्गांतले गुलाब लावावेत. उलट कडक गोठण पडते तिथे टी गुलाब जमिनीपर्यंत मरतो. ऊन किमान सहा तास. आल्बा अर्ध्या सावलीतही निभावतो.

खड्डा ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल, मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.८. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मातीच्या चौथ्या हिश्शापर्यंत पुरे. नत्र वाढवलं तर गॅलिकाला लांब मऊ फुटवे येतात, त्यांवर मावा आणि भुरी बसते, आणि फुलाच्या वजनाने मान मोडते. कलमी झाड असेल तर डोळा भरल्याची जागा (कलमाचा सांधा) मातीखाली पाच ते आठ सेंटीमीटर जाऊ द्या, म्हणजे वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात. मात्र निचरा उत्तम असेल तरच, नाहीतर तिथूनच कूज सुरू होते. एक सावधगिरी: स्वतःच्या मुळांवरचा गॅलिका जमिनीखालून फुटवे काढत पसरतो. छोट्या वाफ्यात त्याच्याभोवती जमिनीत अडसर घाला, नाहीतर शेजारच्या झाडांना तो जागा ठेवत नाही.

रोगांत काळा ठिपका सगळ्यांत त्रासदायक. त्याच्या बीजाणूंना रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं लागतं. म्हणून पाणी बुंध्याशी आणि सकाळी द्या. गळलेली पानं उचला, कारण रोग त्यांतच टिकून राहतो. भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण तापमान ३० अंशांच्या वर असताना फवारलं तर पानं करपतात.

दोन गोष्टी रोग समजून उगाच फवारल्या जातात. 'मादाम हार्डी'च्या मधोमध दिसणारा हिरवा मणी हा त्या वाणाचा गुणच आहे. आणि चायना गुलाबाचं फूल उन्हात गडद होत जातं. 'म्युटॅबिलिस' पिवळसर उमलतो, गुलाबी होतो आणि किरमिजी होऊन गळतो. युरोपी गुलाब उन्हात फिके पडतात, हे उलटे. खरी अडचण आहे ती कळ्या न उमलता चिकटून बसण्याची. 'सुव्हनीर द ला माल्मेझाँ'सारख्या गच्च पाकळ्यांच्या फुलांत दमट हवेत बाहेरच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या चिकटतात आणि त्यांवर करडी बुरशी येते. दुपारी कळी कोरडी असताना बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या सोलून काढल्या तर आतलं फूल बऱ्याचदा उमलतं. बुरशी लागलेली कळी मात्र तोडून टाका.

आता देवाणघेवाण. जुने गुलाब टिकले ते बरेचसे एकाच्या बागेतून दुसऱ्याच्या बागेत गेलेल्या काड्यांमुळे. काडी घ्यायची ती नुकतंच फूल गळालेल्या फांदीची, कारण तिचं लाकूड ना कोवळं असतं ना जून. लांबी १५ ते २० सेंटीमीटर, चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पानं ठेवायची, बुडाची साल एका बाजूने दोन सेंटीमीटर खरवडायची आणि मुळं फुटण्याची पावडर लावायची. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मंनिम्मं. दोन डोळे मातीत. वर पारदर्शक झाकण आणि उजेड, पण थेट ऊन नको. चार ते आठ आठवडे लागतात. नवं पान फुटलं म्हणजे मूळ फुटलं असं नाही. काडी आपल्या साठ्यावरही पान काढते. हलकेच ओढून पाहा, अडली तर मूळ आहे. चायना, नॉयसेट, बोर्बन सहज रुजतात. गॅलिका आणि सेंटिफोलिया काडीतून हट्टी, पण विश्रांतीच्या काळात मुळासकट फुटवा खणून दिला की काम फत्ते.

इथेच सगळ्यांत मोठा घोटाळा होतो. झाड कलमी असेल तर जमिनीतून आलेला फुटवा खुंटाचाही (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलंय त्याचाही) असू शकतो, आणि घेणारा वर्षभर खतपाणी घालून रानगुलाब वाढवतो. "सात पर्णिका (एका पानातली छोटी पानं) म्हणजे खुंट" ही समजूत सोडून द्या. कित्येक जुन्या गुलाबांना सात पर्णिका असतातच. पानाच्या देठाशी असलेली उपपर्णं कंगव्याच्या दातांसारखी झालरदार दिसली तर मल्टिफ्लोरा खुंटाचा संशय घ्या. वर्षातून एकाच बहरात गडद लाल, अर्धवट दुहेरी लहान फुलं आली तर 'डॉक्टर ह्यूई' हा खुंट डोकं वर काढतोय. खात्री हवी तर माती उकरून फुटवा कलमाच्या सांध्याच्या वरून निघालाय की खालून, ते पाहा.

'रोझा मुंडी' देताना फुलं पाहूनच काडी निवडा. हा पट्टेदार गुलाब साध्या किरमिजी गॅलिकापासून बदलून आलाय आणि मधूनच एखादी फांदी मूळ रंगावर परतते. ती बुंध्यातून काढली नाही तर काही वर्षांत अख्खं झाड पट्टे विसरतं. पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा असलेल्या झाडाची काडी कुणालाही देऊ नका. हा विषाणू काडीबरोबर जातो आणि औषधाने जात नाही. बुंध्याशी खडबडीत गाठी असतील तरीही नको. दोन झाडांच्या मध्ये कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

नाव माहीत नसलेल्या गुलाबाची ओळख विचारताना नुसता फुलाचा फोटो उपयोगाचा नाही. कळी, निदलं (कळीला झाकणारी हिरवी पाती), फुलाखालचा हिरवा फुगवटा, काटे, जून पान आणि पूर्ण झाड, सगळं हवं. गॅलिकाला बारीक राठ केस आणि मोजके काटे, आल्बाचं पान राखाडी-निळसर, पोर्टलंड वर्गाचं फूल आखूड देठामुळे पानांच्या कॉलरीत बसलेलं, टीची मान झुकलेली. मॉसची कळी चोळून बोटं हुंगा, राळेसारखा वास येतो. निदलं पाचही दाखवा: अनेक जुन्या गुलाबांत दोघांना दोन्हीकडे झालर असते, दोघांना अजिबात नसते आणि एकाला एकाच बाजूला. फुलतो किती वेळा, हेही सांगा, कारण त्या एका उत्तराने निम्मे वर्ग गळतात.

ओळख पटेपर्यंत अंदाजाचं नाव चिकटवू नका. चुकीचं नाव काडीपेक्षा लवकर रुजतं आणि मग निघत नाही. अशा गुलाबाला सापडल्या जागेचं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत देण्याची रीत आहे, जसं बर्म्युडातला "स्मिथ्स पॅरिश". नावाची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची घ्या आणि बोथट टोकाने दाबून लिहा, शाई उन्हात वर्षभरही टिकत नाही. नावाबरोबर काडी घेतल्याची तारीख आणि मूळ झाड कलमी की स्वतःच्या मुळांवरचं, एवढं लिहायचं. पट्टीची तार फांदीला आवळू नका. खोड जाड झालं की ती सालीत रुतते आणि वरची फांदी वाळते.