बापाकडेच आहे ना, मग हरवले कसे?

हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या संस्थेत काम करते, असे सांगितले की लोक हळहळतात. त्यांतली काही मुले जन्मदात्यांनीच पळवलेली असतात, असे पुढे सांगितले की हळहळ ओसरते आणि ठरलेला प्रश्न येतो : मूल बापाकडेच आहे ना, मग ते हरवले कसे? लग्नकार्यात नातेवाइकांनी, पोलीस ठाण्यात हवालदारांनी आणि देणगी देऊ पाहणाऱ्या गृहस्थांनीही मला हेच विचारले आहे. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

फलाटावर एकटे सापडलेले मूल १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर कळवता येते, बालकल्याण समितीपुढे नेता येते. त्याचे घर शोधायला सगळी यंत्रणा त्याच्या बाजूने असते. बापाने नेलेल्या मुलाला लपवणारी माणसे मात्र घरचीच असतात. हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. पण आईने ‘नवऱ्याने नेले’ असे म्हटले की ठाण्यात तो घरगुती मामला होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले, की न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर स्वतःचे मूल नेणाऱ्या बापावर अपहरणाचा गुन्हा लावता येत नाही, कारण तोही नैसर्गिक पालक असतो. म्हणूनच भांडण पेटलेले दिसले की आम्ही आधी ताब्याचा आदेश घ्यायला सांगतो, त्याची प्रत शाळेत लेखी पोच घेऊन द्यायला लावतो आणि मुलाचा ताजा फोटो व जन्मदाखला हाताशी ठेवायला सांगतो. हे ऐकून माणसे दुखावतात. ‘आमच्यात इतके काही बिघडलेले नाही’ असे म्हणतात.

एक प्रकरण सांगते. गावांची नावे मुद्दाम टाळते. पहिलीतली मुलगी आईजवळ राहत होती. गणपतीत बाप आला, ‘आजीला भेटवून आणतो, रविवारी सोडतो’ म्हणाला आणि मुलीसह दिसेनासा झाला. मुलगी दुसऱ्या शाळेत गेली की दाखल्यावरून माग लागेल, अशी आमची आशा होती. पण जुन्या शाळेत दाखला मागायला कुणी फिरकलेच नाही. दाखल्यावाचून प्रवेश अडवू नये, असे शिक्षणहक्क कायदाच सांगतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांना तारणारी ही तरतूद काढावी, असे मी कधीही म्हणणार नाही. पण तिच्याच आडोशाला ही मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात आत्याच्या घरी दोन वर्षे शिकत राहिली. अखेर एका चुलत जावेने ‘ताई, माझे नाव घेऊ नका’ अशी गळ घालून आईला पत्ता सांगितला आणि आईने उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलीला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका केली.

मुलीला हजर केले त्या दिवशी मी व्हरांड्यात होते. आईला पाहताच मुलीने तिला ओळखले आणि ती आत्याच्या पाठीमागे दडली. आम्हाला वाटले, लाजली असेल; पण तिची मूठ आत्याच्या पदरातून सुटेना आणि ती थरथरत होती. बऱ्याच वेळाने ती आईकडे न पाहता म्हणाली, “आम्ही तुझं पान वाढलं होतं.” आई वारल्याचे तिला सांगितले होते. घरात आईच्या फोटोला हार होता आणि पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने पान वाढले जात होते. आई ते ऐकून भिंतीला टेकली. त्या पोरीला आपल्या जिवंत आईची भीती वाटत होती.

ती दोन वर्षे बापाजवळ होती, पोटभर जेवत होती, शाळेत जात होती. तुमच्या प्रश्नाच्या हिशेबाने ती हरवलेलीच नव्हती. शिवाय न्यायालय मुलाचे हित पाहते आणि रुळलेल्या मुलाला हलवताना कचरते. म्हणजे जो जास्त काळ लपवतो, त्याचीच बाजू बळकट होत जाते. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

पूर्वी मी मूल आईलाच मिळाले पाहिजे असे ठामपणे म्हणत असे. पण आईही मुले घेऊन जातात. मारहाणीतून सुटून निघालेल्या बाईचा पत्ता मागायला नवरे आमच्याकडे येतात आणि आम्ही तो देत नाही. ‘बापाने नेले तर पळवणे आणि आईने नेले तर सुटका काय?’ हा त्यांचा सवाल मला झोंबतो, कारण दर वेळी त्याचे प्रामाणिक उत्तर माझ्याजवळ नसते. पालकाने परदेशी नेलेले मूल मूळ देशात परत पाठवण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही, त्यामागेही परदेशातून मुलासह माहेरी परतलेली पीडित बाई गुन्हेगार ठरेल ही भीती सांगितली जाते. मला ती खरी वाटते. आणि मूल भारतात असल्यामुळे न्यू जर्सीत रिकाम्या घरात बसलेल्या बापाचे दुःखही मला खोटे वाटत नाही.

ती मुलगी आता आईजवळ आहे आणि आत्याची आठवण काढून रडते. आत्याला फोन करू द्यावा, असे मी आईला सुचवले, तेव्हा ती म्हणाली, “माझं पान तिनंच वाढलं होतं ना?” तरीही माझे मत तेच आहे, कारण मुलीच्या आयुष्यातून आणखी एक माणूस नाहीसे होऊ नये. आईला ते मान्य नाही आणि तिला ते पटवण्याचा मला अधिकार आहे का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.