आमची वाटचाल : मोटरच्या गणितात खरे चुंबक आणताना

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत आमचा व्यवसाय सुरू झाला तो पंपांच्या मोटरींच्या रिवाइंडिंगने. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे झाले, कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या बीएलडीसी मोटरींची मागणी वाढली आणि लहान उत्पादक आमच्याकडे डिझाइन व सिम्युलेशनसाठी, म्हणजे मोटर संगणकावर आधी चालवून पाहण्यासाठी, येऊ लागले. त्यांचा एक प्रश्न मात्र सतत समोर येई : एकाच ड्रॉइंगवर बनलेल्या मोटरींपैकी काही शांत चालतात आणि काही हाताने फिरवतानाच अडखळतात, असे का? आमची आजची ओळख या प्रश्नाच्या पाठपुराव्यातून घडली आहे.

सिम्युलेशनमध्ये रोटरवरील सगळे चुंबक हुबेहूब सारखे धरण्याची पद्धत आहे. १२ स्लॉट (तारा गुंडाळण्याच्या खाचा) आणि १० पोल (चुंबकीय ध्रुव) असलेल्या मोटरीत अशा आदर्श मॉडेलनुसार एका फेऱ्यात कॉगिंगचे, म्हणजे वीज बंद असतानाही चुंबकांच्या ओढीने जाणवणाऱ्या अडखळण्याचे, ६० झटके येतात आणि ते सहसा अगदी बारीक असतात. प्रत्यक्षात एखाद्या चुंबकाचे शेष चुंबकत्व (त्याच्यात कायम टिकून राहिलेली ताकद) दोन-तीन टक्क्यांनी कमी भरते, एखाद्याच्या चुंबकनाची दिशा अंश-दोन अंशांनी कललेली असते, तर एखादा चिकटवताना किंचित सरकलेला असतो. त्यामुळे सममिती मोडते आणि स्लॉटांच्या संख्येइतके, म्हणजे फेऱ्यामागे १२ झटक्यांचे कॉगिंग उद्भवते, जे आदर्श मॉडेलमध्ये कधीच दिसत नाही. अर्ध्याच मोटरीचे गणित सोडवून उत्तर मिळवण्याची सोयही मग उरत नाही. पूर्ण वर्तुळ मांडावे लागते. त्याला वेळ लागतो, पण तो द्यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

मॉडेलला खरे आकडे हवेत, म्हणून आम्ही मोजणी उभी केली. हेल्महोल्ट्झ कॉइलच्या, म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या तारेच्या दोन गोल वेटोळ्यांच्या, मधोमध प्लास्टिकच्या साच्यात चुंबक बसवायचा, १८० अंशांत फिरवायचा आणि फ्लक्समीटरवरचा (चुंबकीय प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा टिपायचा. तिन्ही अक्षांवर हेच केले की चुंबकाची ताकद आणि दिशा दोन्ही कळतात. टेबलाजवळ लोखंडी पानाही ठेवू देत नाही. निओडिमियम चुंबकाचे शेष चुंबकत्व तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के घटते, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याखालचा गाळा सकाळपासून दुपारपर्यंत १० अंशांनी तापला, तर सव्वा टक्क्याचा फरक नुसत्या उष्म्यानेच पडतो. म्हणून प्रत्येक नोंद हिशेबाने २० अंशांवर आणूनच वहीत जाते. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत निकेलचा मुलामा उडालेल्या कडेला गंज लवकर धरतो. असे चुंबक मोजणीपूर्वीच बाजूला काढतो.

या नोंदींनी एक गोष्ट पक्की केली. एका लॉटमधले, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेतले, चुंबक एकमेकांशी बरेच जुळतात, पण लॉट बदलला की सरासरीच सरकते. रोटरवरचे सगळे चुंबक सारखेच कमजोर असले, तर बॅक ईएमएफ (मोटर फिरताना तिच्या तारांत तयार होणारा व्होल्टेज) घटतो, नवे कॉगिंग येत नाही. ते येते एकाच रोटरवरील आपसांतल्या फरकामुळे. म्हणून मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे संगणकावर यादृच्छिक आकडे घेऊन असंख्य मोटरींचे, नमुने काढताना आम्ही हे दोन फरक वेगवेगळे धरतो. फरक लहान असल्याने प्रत्येक चुंबकाचा परिणाम जवळजवळ बेरजेने मांडता येतो, आणि कोणता चुंबक कुठे बसवला असता परिणाम एकमेकांना रद्द करतील, हे आधीच सांगता येते. उत्पादकाला महागडे, कडक टॉलरन्सचे (फारच कमी फरक चालणारे) चुंबक घेण्याची गरज त्यामुळे बरेचदा उरत नाही.

चीनने एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि ती असलेले चुंबक यांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणल्यापासून आमचे ग्राहक मिळेल तेथून माल घेतात. वेगवेगळ्या पुरवठादारांचे चुंबक एकाच रोटरवर येऊ नयेत, यासाठी आता प्रत्येक पेटीचा लॉट क्रमांक मोजणीच्या नोंदीसोबत थेट मॉडेलमध्ये जातो.