षटकोनी जाळ्यात पत्ता कसा द्यावा

प्रत्येक नोडला, म्हणजे जाळ्यातल्या जोडबिंदूला, सहा शेजारी, म्हणून पत्ता तीन संख्यांचा ठेवावा: क्ष, य, ज्ञ, बेरीज नेहमी शून्य. दोन नोडांतलं अंतर म्हणजे त्यांच्या पत्त्यांच्या तीन फरकांतला सर्वांत मोठा, चिन्ह सोडून. फरक (३, −१, −२) असेल तर तीन उड्या (एक उडी म्हणजे एका शेजाऱ्याकडे जाणं): एक (१, −१, ०), दोन (१, ०, −१), क्रम कोणताही.

चौकोनी जाळ्याच्या सवयीने क्ष आणि य यांच्या फरकांची, चिन्ह सोडून, बेरीज केली की घोटाळा होतो: (२, −२, ०) हे अंतर दोनच, उत्तर चार येतं.

एखादा फरक शून्य असला की सर्वांत छोटा मार्ग एकच उरतो. तिथली पहिली जोडणी तुटली तर शेजारच्या दिशेने निघावं. एकच उडी वाढते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

कडा गुंडाळलेल्या, म्हणजे एका कडेबाहेर पडलं की दुसऱ्या कडेने आत येणाऱ्या, १९ नोडांच्या जाळ्यात तर एक क्रमांक पुरतो: शेजाऱ्यांसाठी त्यात ±१, ±७, ±८ मिळवावे आणि १९ ने भागून उरलेली बाकी घ्यावी.