तांबडा रस्सा कुणी संपवला?

तुम्ही चौघांनी विचारलंत म्हणून लिहितोय. यावेळी बारक्याच्या पोराच्या बारशात विचारलंत, त्याआधी माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी विचारलं होतंत. वाक्यही तेच. "खरं सांग भावा, ते सामान तूच विकलंस ना?" मग सगळे हसता, मीही हसतो. एरवी मी सोडून देतो. पण परवा बायकोने घरी आल्यावर विचारलं, "विकलं असशील तर सांग की, एवढं काय त्यात?" म्हणजे आता घरातही माझा निकाल लागलाय.

रूनस्केप या ऑनलाइन खेळात आपल्या पाचजणांचं एक खातं होतं, त्यातलं ते सामान मी विकलं नाही. हे एकदा लेखी असू दे.

तिला समजावं म्हणून दोन ओळी. रूनस्केप २००१ साली केंब्रिजच्या कंपनीने काढलेला, ब्राउझरमध्ये चालायचा, त्यामुळे सायबर कॅफेतल्या कसल्याही डब्यावर उघडायचा. आपण त्यातला फुकटचा भागच खेळायचो, कारण महिन्याचे पैसे भरायला जे कार्ड लागतं ते आपल्या पाचांपैकी कुणाच्याही घरात नव्हतं. पाच जणांत एक खातं. खेळातल्या आपल्या पात्राचं नाव बारा अक्षरांत बसवायचं होतं, आणि इंग्रजीत मधली मोकळी जागा धरून 'तांबडा रस्सा' बरोबर बारा भरतं. परदेशातली पोरं विचारायची, टांबडा म्हणजे काय. पेठेतला त्यांना सांगायचा, "तुझ्या बाच्यानं पचणार नाही."

तो रस्सा कुणी शिजवला, यावर तुम्ही कधी बोलत नाही. पेठेतल्याला मारामारी हवी, म्हणून तो वाइल्डरनेसच्या, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या भागाच्या, खंदकाशी. उचगावच्याला क्वेस्ट, म्हणजे नेमून दिलेल्या मोहिमा, आवडायचे. क्रँडॉर बेटावरच्या एल्वार्गला, त्या ड्रॅगनला, त्यानेच लोळवलं, तेही आदल्या खेपेला ऐन लढाईत लोडशेडिंगने वीज जाऊन रस्सा मेल्यावर. त्या ड्रॅगनमुळेच आपल्याला रून धातूचं चिलखत अंगात घालता आलं, त्याचं श्रेय त्याला आहेच. बारक्या कारामजा बेटाच्या धक्क्यावर लॉबस्टर पकडायचा. लायब्ररीवाला बाजार बघायचा, खेळातल्या वॅरॉक शहराच्या पश्चिमेकडच्या बँकेपुढे उभा राहून ओरडून विकायचा. आणि लाकूडतोड माझ्याकडे. यू झाडाला साठावी लेव्हल लागते. तिथपर्यंत जायला आधी ओक, मग ड्रेनॉर गावातल्या बँकेजवळचे विलो, आणि मग ते यू. झाड तुटत नाही तुटत नाही, मधेच त्याला तोंड फुटतं आणि तोडत राहिलात तर कुऱ्हाड मोडते. म्हणजे डोळा लागून चालत नाही. नव्व्याण्णवाव्या लेव्हलला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ब्याण्णवला गेलं की त्यातला निम्माच रस्ता झालेला असतो, हे मला आजही पाठ आहे. तुम्ही त्याला 'बसून खायचं काम' म्हणायचात.

खेळातल्या बँकेत ठेवलेली मोठी रक्कम म्हणजे ती लाकडं. माझी. स्वतःच्याच घरावर दरोडा कशाला घालेन मी?

आता तो दिवस. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, २००७. कॅफे राजारामपुरीतला, पडदेवाला, नाव लिहीत नाही. पेठेतला खुर्चीत, आपण चौघे मागे. लॉगिन केलं की आधी एक पान यायचं, मागचं लॉगिन कधी आणि कुठून झालं ते त्यावर आकड्यांत लिहिलेलं असायचं. पेठेतल्याने सवयीने ते दाबून पुढे केलं. ते आकडे कुणीही वाचले नाहीत. मी सतरा वर्षं त्या एका क्लिकवर चरफडतोय.

रस्सा उघडा उभा होता. अंगात चिलखत नाही, हातात तलवार नाही. आणि उभा होता वॅरॉकच्या बँकेत. आदल्या रात्री मी त्याला एजव्हिल गावाच्या यू झाडांपाशी सोडून आलो होतो. हे मी त्याच क्षणी बोललो, आणि बोलल्या बोलल्या कळलं की याला साक्षीदार नाही. पेठेतल्याने बँक उघडली. जिथे खाली सरकवत जावं लागायचं तिथे सरकवायला काही नव्हतं. लाकडं नाहीत, रूनचा सेट नाही, नाणी नाहीत. राहिली होती ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल, ती कुणाला देताच येत नाही. एक बादली. ब्राँझची कुऱ्हाड. आणि बारक्याचे लॉबस्टर, हजारभर तरी असतील, जसेच्या तसे.

कुणी शिवी दिली नाही. तीच गोष्ट मला लागली. एरवी एक बाण हरवला तर आईमाईचा उद्धार व्हायचा. पेठेतला खुर्ची न फिरवता म्हणाला, "काल शेवटी कोण होतं?"

मीच होतो, सगळ्यांना माहीत होतं. माझ्या शर्टाच्या खिशात नवा नोकिया होता, इचलकरंजीच्या मामाने दिवाळीला दिलेला. चौघांची नजर कुठे गेली ते मला दिसलं. बारक्या तर खिशाकडे बघून लगेच पडद्याकडे बघायला लागला, ते जास्त वाईट होतं. मग तुम्ही मिसळ खायला निघालात. 'चल' म्हणाला नाहीत, 'येऊ नको' असंही नाही. काऊंटरवर तासाचे पंधरा रुपये आपण वाटून द्यायचो, ते त्या दिवशी मी एकट्याने दिले. संध्याकाळी तेही माझ्या खात्यावर चढलं: "बघा, पैसे आलेत."

तक्रार का केली नाही, असंही विचारता. एक खातं एकानेच वापरायचं हा कंपनीचा नियम. पाच जणांनी मिळून वापरलेल्या खात्याची चोरी कळवायची कशी? बँकेला चार आकडी पिन लावायची सोय होती, ती "विसरेन मी" म्हणून कुणी लावू दिली नाही ते तुम्हीच आठवा.

बरं, विकलं असतं तर कसं? खेळातली नाणी डॉलरला घेणारे होते, खोटं कशाला बोलू. पण पैसे यायला परदेशातून पैसे घेणारं ऑनलाइन खातं लागायचं. माझं तेव्हा शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं, पासबुकात छापायचं मशीन बंद. हे मला इतकं नीट कसं माहीत? कारण मी चौकशी केली होती. गणपतीच्या सुमारास, एकटा असताना, आपल्या लाकडांचे किती येतील ते बघितलं होतं. ही गोष्ट तुम्हाला आज पहिल्यांदा कळतेय. बघितलं, आकडा फार मोठा नव्हता, बंद केलं. आता याला तुम्ही कबुलीजबाब म्हणाल. म्हणा.

त्या वेळचा मी एकाच गोष्टीवर अडून होतो: कॅफेच्या मशीनवर कुणीतरी टाइप केलेलं चोरणारं काहीतरी टाकलंय, बाहेरचा चोर आहे. वहीचं पानच्या पान लिहून मी उचगावच्याला दिलं होतं. त्याने वाचलं की नाही देव जाणे. आज ते पान समोर आलं तर मीच त्यातली भोकं काढेन. बाहेरच्याने पासवर्ड का बदलला नाही? आणि लॉबस्टर का ठेवले? बँकेतून चिठ्ठीच्या रूपात काढले तर हजार लॉबस्टर पिशवीच्या अठ्ठावीस खणांपैकी एकाच खणात मावतात. बाजारात हातोहात जायचे. परक्या चोराला बारक्याची दया येण्याचं कारण नाही. घाईत राहिले असतील, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. बादलीसुद्धा वगळून मागे ठेवणारा माणूस घाईत होता म्हणे.

चोराला पश्चात्ताप होऊन परत करायचं म्हटलं तरी त्याच्याकडे जेमतेम दोन महिने होते. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने एकतर्फी देवाणघेवाणीवर बंधन आणलं, नाणी विकणाऱ्यांना आळा घालायला. काही हजारांपलीकडचा फरक असेल तर व्यवहारच होईना. ते बंधन २०११ ला उठलं तेव्हा आपण पाचजण पाच गावांत होतो. मी मात्र ते दोन महिने रोज लॉगिन करून बघायचो. कुणी काही ठेवलंय का म्हणून. तुमच्यापैकी कुणी बघत होतं?

२०१३ ला ओल्ड स्कूल, म्हणजे रूनस्केपची जुनी आवृत्ती आली, ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून. बारक्याने मला पुण्याहून रात्री फोन केला: "अरे, ऑगस्टचा आहे! चोरी नोव्हेंबरची. आपलं सामान असणार की!" नव्हतं. जग जुनं होतं, माणसं सगळी शून्यापासून. पण त्याने फोन मलाच केला, यावर मी बरेच दिवस खूष होतो. माझ्यावर संशय असता तर मला कशाला केला असता?

मग कधीतरी उलटंही मनात आलं. पाचातून मला माझ्यापुरतं वगळलं तर चौघे उरतात. बारक्याला मी कायम सोडून द्यायचो, कारण त्याचंच तेवढं वाचलं होतं. पण हेच कारण दुसऱ्या बाजूनेही लागतं की. स्वतःचे लॉबस्टर कोण चोरेल? आणि मग माझी लाकडं गेली म्हणून मी निर्दोष, हा माझा मुद्दाही तितकासा घट्ट राहत नाही. हुशार चोर आपलं आधी नेतो.

तुम्ही सगळे आता मोबाइलवर खेळता, मलाही बोलावता. येईन. खातं माझं वेगळं असेल आणि पिन पहिल्या दिवशी लावेन. आणि तो प्रश्न पुन्हा विचारायचाच असेल तर पाचहीजण असताना विचारा, प्रत्येकाला, एकेक करून. बारशात नको, पोर झोपलेलं असतं.