निदानाचा रकाना

रविवार, रात्र.

शुक्रवारी कामावर हजर झालो आणि रजेच्या अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र दिले, तेव्हा आमच्या हेडक्लार्कबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचले, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारले, "एवढेच?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हते हे मला ठाऊक आहे, तरीही आज तिसरा दिवस आहे आणि तो शब्द कमरेपेक्षा जास्त दुखतो आहे. निदानाच्या रकान्यात डॉक्टरांनी 'कंबरदुखी' असे लिहिले आहे. कंबर दुखते हे तर मीच त्यांना सांगितले होते. माझाच शब्द माझ्याकडून घेऊन, त्यावर सही-शिक्का करून त्यांनी तो मला परत दिला, आणि वर तपासणीचे पैसेही घेतले. 'कारण' हा रकाना रिकामा असलेली फाईल मी बावीस वर्षांत कधी पुढे जाऊ दिलेली नाही. माझ्याच बाबतीत मात्र ती गेली.

सुरुवातही अशीच, कोणाला सांगता येऊ नये अशी झाली. जूनमध्ये नारळांची पोती मागच्या पडवीतून मी एकट्याने हलवली होती, तेव्हा काहीही झाले नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी तुळशीजवळ पडलेला कपड्यांचा एक निळा चिमटा उचलायला वाकलो, तो तसाच राहिलो. उसण भरली. एक हात वृंदावनावर, दुसरा गुडघ्यावर आणि नजर त्या चिमट्यावर, अशा अवस्थेत मी किती वेळ होतो हे हिला विचारले तर ती पाच मिनिटे म्हणते. मला ती दुपार वाटली. चिमटा तेव्हा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी ज्या दवाखान्यात गेलो तिथे मला कोणी हातही लावला नाही. लगेच एमआरआय करायला पाठवले, अहवाल आला आणि सांगण्यात आले की चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली आहे, झीज आहे, आता पट्टा बांधायचा, वाकायचे नाही आणि जन्मात वजन उचलायचे नाही. मी हादरलो, हे खरे आहे. पण आज लिहितानाच कबूल करून टाकतो की त्या हादरण्यात थोडे सुखही होते. 'गादी सरकली' म्हटल्यावर घरात माझा दर्जा एकदम बदलला. आंघोळीचे पाणी उपसून मिळू लागले, धाकटा फोनवर हळू आवाजात बोलू लागला आणि यंदा माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, पुतण्याने बांधावी असे मला न विचारताच ठरले. (हे मात्र लागले. माटोळीच्या काथ्याच्या गाठी त्याला येत नाहीत.) चार दिवस मी गादीवर होतो असे म्हणायला हरकत नाही.

पाचव्या दिवशी धाकट्याच्या आग्रहाने पणजीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर म्हणजे तरुण मुलगाच होता. मी एमआरआयचे पाकीट पुढे केले, ते त्याने बाजूला ठेवले आणि मला चालायला लावले. आधी चवड्यांवर, मग टाचांवर. उताणे झोपवून एकेक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला आणि कळ कुठे येते, मांडीच्या मागे की थेट पोटरीच्या खाली, हे विचारले. पायाचा अंगठा त्याच्या हाताविरुद्ध वर रेटायला सांगितला, गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारली. मग प्रश्न सुरू झाले. लघवीवर ताबा आहे ना, खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकेल तो बधिर वाटतो का, ताप येतो का, वजन उतरले आहे का, झोपेतून उठवणारी कळ असते का, कधी कॅन्सर किंवा क्षय झाला होता का, पडलात का. हे सगळे चिमट्यासाठी, असे वाटून मला थोडा रागच आला होता. नंतर समजले की मणक्यांच्या पोकळीत खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो, आणि तो दाबला गेला तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बदलतात. मग त्याच रात्री इस्पितळ गाठावे लागते. झोप कशी आहे, घरात काही ताण आहे का, हेही त्याने विचारले. मी 'ठीक आहे' म्हटले. थोरल्याचा विषय तिथे काढण्याचे काही कारण नव्हते.

माझी सगळी उत्तरे 'नाही' निघाली. तेव्हा त्याने पाकीट उघडले, फिल्म उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, हे वयाप्रमाणे आहे."

मी वाद घातला. गादी सरकली आहे त्याचे काय, असे विचारले. त्यावर तो शांतपणे म्हणाला की गादी कुठे सरकत नसते, ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. फार तर ती बाहेर फुगते किंवा तिच्या कडेला चीर पडून आतला गर डोकावतो, आणि तो गर नसेला टेकला तर कळ गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात, पावलातला जोर कमी होतो. त्यातलेही बहुतेक जण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. माझ्या बाबतीत तसे काहीच नव्हते. स्नायू, सांधे, बंध यांपैकी नेमके कोण दुखते आहे हे दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत खात्रीने सांगता येत नाही, आणि सांगता आले तरी सुरुवातीचे उपचार फारसे बदलत नाहीत. एवढे बोलून त्याने तो रकाना भरला.

घरी येऊन मी त्याचे म्हणणे पडताळून पाहिले, कारण पडताळल्याशिवाय सही न करण्याची सवय आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर मुळीच दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या अशाच चित्रांचे निष्कर्ष एकत्र केले होते. त्यांतल्या पन्नाशीच्या लोकांपैकी ८० टक्क्यांच्या गाद्यांमध्ये झीज आणि ६० टक्क्यांच्या गाद्यांना फुगवटा आढळला. म्हणजे मी ज्याला माझा आजार समजत होतो, तो आमच्या खात्यातल्या माझ्या वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या कमरेत सापडला असता, आणि ते मजेत स्कूटरवरून बाणस्तारीचा पूल ओलांडत आहेत. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर दर पावसाळ्यात शेवाळ धरते, म्हणून ती पडायला आली असे आपण म्हणत नाही. हे मला पटले. पटले तरी बरे वाटले नाही, हीच तर अडचण आहे.

मला काहीतरी हवे होते. भयंकर नको होते, पण नाव असलेले हवे होते, जे हेडक्लार्कबाईंना वाचून दाखवता आले असते आणि ज्यापुढे 'एवढेच?' आले नसते. रात्री कुशीवर वळताना चादर मुठीत धरून, दात आवळून जी हालचाल करावी लागते, तिला 'वयाप्रमाणे' हे उत्तर पुरत नाही. दुखणे खरे आहे आणि बिघाड दिसत नाही, ही दोन वाक्ये मी तीन दिवस शेजारी-शेजारी ठेवून पाहतो आहे आणि ती एका टिपणीत बसत नाहीत.

आणि मग आईची आठवण होते, ती आठवण तर मी टाळतो आहे. वायंगणाच्या, म्हणजे रब्बी भाताच्या, लावणीत दिवसभर ओणवी राहून ती संध्याकाळी सोप्यावर पालथी पडायची आणि म्हणायची, "पेंकट मोडले रे." पेंकट म्हणजे कंबर. आम्ही 'बाम लाव' म्हणायचो. पाठीला कारण असते, असे तिच्या बाबतीत कोणाला वाटलेही नाही. असो.

उपचार सांगावेत तर ते निदानाइतकेच साधे आहेत. शेक, जेवणानंतर चार-पाच दिवस दुखणे कमी करणारी गोळी, दोन व्यायाम आणि चालणे. पडून राहायचे नाही, हे मला सर्वांत अवघड गेले. दोन दिवसांच्या विश्रांतीने जे साधते त्याहून अधिक सात दिवसांच्या विश्रांतीने साधत नाही, हे १९८६ सालीच एका अभ्यासात दिसून आले होते. आमच्या शेजारी मात्र अजून महिनाभर फळीवर झोपायला सांगतात. पट्टा सध्या खुंटीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांत पट्टे आणि वजने लावून ताणणे यांची शिफारस केलेली नाही. त्या सूचना जुनाट दुखण्यासाठी आहेत आणि बारा आठवडे उलटल्याशिवाय त्या पदाला पोहोचता येत नाही. माझी सेवा तीनच आठवड्यांची झाली आहे. त्याच संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती. एवढ्या मोठ्या जमावात वेगळी ओळख मागणे हे जरा जास्तच झाले, हे आज दुपारी भात जेवताना लक्षात आले आणि मला एकट्यालाच हसू आले. ही विचारत होती काय झाले म्हणून.

संध्याकाळी देवकीकृष्णाच्या देवळापर्यंत चालत गेलो. जाताना फुलांची टोपली डोक्यावर घेतलेला ओळखीचा एक म्हातारा मागून आला, पुढे गेला, थांबला आणि माझी चाल पाहून म्हणाला, "कितें, पेंकट?"

"हय," मी म्हटले, "इतलेंच."

त्याने टोपली खाली ठेवली आणि स्वतःच्या कमरेची हकिगत सुरू केली. ती माड काढणाऱ्याच्या शिडीपासून सुरू होऊन त्याच्या मेहुण्यापर्यंत गेली आणि वीस मिनिटे चालली. आम्ही दोघेही उभेच होतो. बसण्यापेक्षा उभे राहणे मला सध्या बरे पडते.