40 च्या जागी 150

बहिणीचा मुलगा आमच्याकडेच वाढतोय. चार वर्षांचा आहे, एचआयव्हीची औषधं चालू आहेत. औषधं सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, मग वर्षातून एकदा. कागदावर सोपं वाटतं. एवढ्याशा पोराची शीर शोधणं म्हणजे काय, ते गोव्यातल्या डिचोलीहून पहाटेची कदंबा बस पकडून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा.

यंदा दोन्ही हातांना टोचून झालं. "मावशे, घरी चल" म्हणत त्यानं असा टाहो फोडला की रांगेतली माणसं दारातून डोकावायला लागली. मला त्या डोकावण्याचाच जास्त राग आला. 2017 चा एचआयव्ही कायदा गुप्तता पाळा म्हणतो, पण दार लोटायला मलाच उठावं लागलं. जांभळ्या झाकणाच्या नळीत जेमतेम तळ भरला. गुठळी होऊ नये म्हणून सिस्टरनं ती अलगद खालीवर केली आणि म्हणाली, "आता परत नाही टोचत. बघू, एवढ्यात होतं का."

झालं. पण गेल्या वर्षी रिपोर्टवर "40 पेक्षा कमी" होतं, यंदा "150 पेक्षा कमी". आईनं तर डोळ्यांना पदरच लावला.

समुपदेशक बाईंनी नीट उलगडून सांगितलं. मोजणी प्लाझ्मावर होते. नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वरचं पिवळसर पाणी तेवढं कामाचं, म्हणजे साधारण निम्मंच. ॲबटच्या रिअलटाइम चाचणीत 0.6 मिली प्लाझ्मा असेल तर मिलीमागे विषाणूच्या 40 प्रती इतकं कमीही मोजता येतं. 0.2 मिलीवरही चाचणी होते, पण मग 150 च्या खालचं सांगता येत नाही. म्हणजे हा आकडा विषाणू वाढल्याची खूण नव्हे, प्लाझ्मा कमी मिळाल्याची. डॉक्टर सावध होतात ते 1000 च्या वर गेल्यावर.

मग तान्हेपणी, सहाव्या आठवड्यात, टाचेला टोचून कार्डावर थेंब घेतले होते, तसंच आता का नको? तेही विचारलं. कार्डावर पेशींसकट सगळं रक्त सुकतं, त्यामुळे पेशींत दडलेला विषाणूही मोजणीत येऊ शकतो. शिवाय थेंब तो केवढा! 1000 च्या वर की खाली, एवढं त्यावरून कळतं. बारीक आकडा नाही. त्यात ते कार्ड पाकिटात घालण्याआधी काही तास नीट सुकवावं लागतं. आमच्याकडे जुलैत टॉवेल दोन दोन दिवस सुकत नाही!

या तपासणीला उपाशी पोटी जायची गरज नसते, हेही त्याच दिवशी कळलं. पुढच्या खेपेला पोटभर पेज आणि पाणी पाजून नेणार, हात गरम ठेवणार. आणि रिपोर्ट हातात आला की आधी विचारणार, किती मिलीवर केलाय?