उजेडाची पट्टी

मावशी खिडकीला टेकून बसलेली, तिच्या मागे भर दुपारचं ऊन आणि फोटो काढणारा मी. पुढचं सांगायला नको. खिडकी लख्ख, मावशी काळीठिक्कर.

काही बिघडत नाही म्हटलं, ब्राइटनेस वाढवू. संगणकावर एक साधासा एडिटर उघडला आणि पट्टी धरून उजवीकडे ओढली. चेहरा उजळला खरा, पण राख फासल्यासारखा. काळी शाल करडी झाली आणि खिडकीबाहेरचं झाड विरघळून गेलं.

या पट्टीचा हिशेब फारच भाबडा आहे. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. साध्या एडिटरमधली पट्टी सगळ्यांना सरसकट ग्रेस मार्क देते. ६० द्यायचे ठरले की ४० वाला १०० वर जातो, शून्यवालाही ६० वर जाऊन बसतो. मग फोटोत काळं म्हणून काही उरतच नाही. वर मात्र जागा संपते. २१० वाला २५५ ला अडकतो, २४० वालाही तिथेच. पानं आणि आकाश यांच्यात फरक होता तो एवढाच! वर मी तो फोटो मूळ फाइलवरच सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी पट्टी उलटी ओढली, तर झाडाच्या जागी सपाट करडा डाग.

नशीब, मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर होता.

(फोटोशॉपनं २००७ च्या सीएस३ आवृत्तीत ही पट्टी शहाणी केली. तरी जुनीच चाल हवी असणाऱ्यांसाठी ‘यूज लेगसी’ अशी एक चौकट ठेवली. हट्टी माणसांची एवढी काळजी मी दुसरीकडे क्वचित पाहिली आहे.)

या वेळी पट्टीच्या वाटेला गेलो नाही. ‘लेव्हल्स’ नावाची उजेड जुळवायची दुसरी सोय उघडली आणि तिच्यातला मधला त्रिकोण हळूच डावीकडे सरकवला. यात काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच. मधले तेवढे वर येतात. अंधारातून मावशी वर आली. गालांवर रंगीत रवा दिसत होता, कारण सावलीत कॅमेऱ्याला मुळात उजेडच थोडा मिळालेला. पण ती चक्क हसत होती, तेही मला. उन्हाकडे तोंड करून उभं राहून फोटो काढणाऱ्याला हसावं तसं.

झाडही होतं. फोटो तिला पाठवला.

“फार काळा आलाय रे,” तिचा फोन.

संध्याकाळी गेलो, तर तिच्या मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड पार तळाला. बॅटरी पुरावी म्हणून. मी काही न बोलता तो वाढवला.

“हं,” ती म्हणाली, “आता कसा नीट केलास!”